रस्त्यालायक गाडी



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि राज्ये येतात. मी आज ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे ती आपल्यापैकी पुष्कळांनी या सभागृहाच्या दाराशी उभी करून ठेवली आहे. शंभर सी.सी.ची साधी मोटारसायकल! ती किती टिकते, ती रस्त्यावर आणण्यालायक आहे की नाही हे कोणी पाहायचे, आणि तसे पाहण्याचा कायदा कसकसा होत गेला, एवढाच माझा विषय आहे. मी काही इंजिनियर नव्हे. कारखान्याच्या फाटकावर उभे राहून जे शिकलो तेवढ्याच्या बळावर बोलणार आहे.

आरंभ कारखान्यापासूनच करतो. यंत्राने माणूस मरू शकतो हे सरकारने फार पूर्वी मान्य केले होते. १९२३ च्या बॉयलर कायद्याने बॉयलरला मुदतीचे प्रमाणपत्र लागू लागले. मुदत संपली की निरीक्षकाने पुन्हा पाहिल्याशिवाय बॉयलर पेटवता येत नसे. १९४८ च्या कारखाना कायद्याने लिफ्टची तपासणी दर सहा महिन्यांनी आणि क्रेन, साखळ्या, दोरखंड यांची वर्षातून एकदा सक्तीची केली. हे कायदे सर्वत्र पाळले गेले असे मी म्हणणार नाही. ते पाळावेत म्हणून आमच्या पिढीने आणि आमच्या आधीच्या पिढ्यांनी भांडणे केली आहेत. पण तत्त्व स्पष्ट होते. यंत्र मालकाचे, त्याच्याखाली जीव मजुराचा, म्हणून मधे कायद्याचा डोळा.

आता कारखान्याच्या फाटकाबाहेर या. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. तेव्हापासून या पट्ट्यातील मजुराचे घड्याळ रेल्वेने चालवले. पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, ठाण्याची वागळे इस्टेट भरली, डोंबिवलीच्या माळावर कारखाने उभे राहिले. ते स्टेशनाच्या दाराशी नव्हते. शिवाय पाळी सुटे मध्यरात्री आणि शेवटची लोकल निघून गेलेली असे. मग पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत फलाटावर पाठ टेकायची, नाहीतर सायकल मारीत घर गाठायचे. ज्याने हे केले नाही त्याला मोटारसायकल ही चैन वाटेल. ज्याने केले त्याला ती झोपेचे चार तास देणारी वस्तू वाटली.

ती मिळणे मात्र सोपे नव्हते. ठाण्याच्या शेजारी भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या कारखान्यात लँब्रेटा स्कूटर तयार होत असे. पुण्याला बजाजची स्कूटर होई. पण मागणी मोठी आणि परवान्याने बांधलेले उत्पादन थोडे, म्हणून नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. लग्नाच्या वेळी नोंदवलेली स्कूटर मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर हाती येई, हा विनोद नव्हता. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक कंपनीची लुना आली आणि पन्नास सी.सी.चे का होईना, इंजिन साध्या पगाराच्या आवाक्यात आले. नंतर ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्याने शंभर सी.सी.च्या गाड्या निघाल्या. १९८५ साली हरियाणातील धारूहेड्याहून निघालेली हीरो होंडाची सीडी १०० ही त्यांतली मोठी क्रांती म्हणावी लागेल, कारण ती फोर-स्ट्रोक होती.

हा फरक नीट समजून घेतला पाहिजे. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलबरोबर ऑइल जाळावे लागते. ऑइल जास्त झाले तर प्लगवर काजळी धरते, कमी झाले तर पिस्टन जाम होतो. अशा गाडीचा मालक खिशात जादा प्लग आणि पान्हा बाळगीत असे. गाडी महिन्या-दोन महिन्यांनी त्याला रस्त्याच्या कडेला बसवीत असे. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल खालच्या टाकीत निराळे राहते, पेट्रोल थोडे लागते, इंजिन थंड डोक्याने वर्षानुवर्षे चालते. सकाळी एका किकमध्ये चालू होणारी गाडी मजुराला मिळाली.

आणि इथेच माझ्या मते घोटाळा झाला. जुनी गाडी वरचेवर बंद पडे, म्हणून वरचेवर मिस्त्रीकडे जाई. मिस्त्री प्लग साफ करता करता ब्रेकचे लायनर पाही, चेन ताणून देई, टायरवरून हात फिरवी. नवी गाडी बंदच पडेना, म्हणून ती मिस्त्रीकडे जाईना. इंजिनाच्या भरवशावर आपण सबंध गाडीवर भरवसा ठेवू लागलो. वस्तुतः गाडी पळवणारे भाग टिकाऊ झाले, पण गाडी थांबवणारे आणि सावरणारे भाग पूर्वीसारखेच झिजत राहिले. लायनर झिजतात, ब्रेकची वायर तंतू तंतू करून तुटते, हँडलच्या कोन सेटला खड्ड्यांनी खाचा पडतात, शॉकअपचे सील गळते, टायर गोटा होतो. यांतला एकही भाग गाडी चालू होऊ नये असे करीत नाही. तो फक्त ती थांबू देत नाही.

मग कायदा काय करीत होता? १९३९ चा मोटार वाहन कायदा जाऊन त्याच्या जागी १९८८ चा आला आणि १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याने खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची ठरवली. पंधरा वर्षे झाली की नमुना २५ भरायचा, गाडी निरीक्षकापुढे उभी करायची, आणि ती योग्य ठरल्यास नोंदणी पाच वर्षांनी वाढायची. भाड्याने चालणाऱ्या वाहनाची गोष्ट वेगळी. त्याला योग्यता प्रमाणपत्र लागते आणि ते ठरलेल्या मुदतीने नवे करावे लागते. म्हणजे डोंबिवली स्टेशनाबाहेर एक रिक्षा आणि एक मोटारसायकल शेजारी शेजारी उभी असेल, तर रिक्षाचे ब्रेक सरकारने पंधरा वर्षांत अनेकदा पाहिलेले असतात आणि मोटारसायकलचे एकदाही नाही. तिला वेळोवेळी पियूसी तेवढे लागते. पण पियूसीच्या नळीला फक्त धूर कळतो, ब्रेक कळत नाही. टायरवरील नक्षीची खोली दुचाकीच्या बाबतीत ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी असा नियम आहे. तो पाहण्यासाठी वाकणारा माणूस मात्र वाटेत कुठेच भेटत नाही.

एक प्रसंग सांगतो. आमच्या युनियनमधला एक मेंटेनन्स फिटर होता. हाताचा इतका पक्का, की बेअरिंग जाणार आहे हे आवाजावरून आठवडाभर आधी सांगायचा. कारखान्यातील सगळ्या यंत्रांच्या देखभालीची वही तोच लिहायचा. कोणत्या तारखेला ऑइल बदलले, कोणता पट्टा उतरवला, सगळे टिपलेले. पावसाच्या पहिल्या सरीला, रात्रपाळी करून परतताना, शिळफाट्याच्या अलीकडे त्याची मोटारसायकल थांबली नाही. पुढे ट्रक उभा होता. जीव वाचला, पण उजवा पाय पाच महिने प्लास्टरमध्ये राहिला. मी गाडी पाहायला गेलो. मागचे चाक उतरवले तेव्हा लायनर संपून पत्र्यावर पत्रा घासत होता. त्याला मी दवाखान्यात विचारले, ‘‘मामा, कारखान्याची वही लिहीत होतात, स्वतःच्या गाडीची का नाही लिहिलीत?’’ तो म्हणाला, ‘‘अरे, ती वही लिहिली नाही तर साहेब विचारायचा. ही विचारायला कोण येतंय?’’

या उत्तरात आजचे माझे सगळे व्याख्यान आले. मालकाच्या यंत्रासाठी आपण निरीक्षक मागितला. यंत्र स्वतःच्या मालकीचे झाले तेव्हा आपण निरीक्षक मागायला विसरलो.

परदेशात काय झाले तेही पाहू. ब्रिटनमध्ये १९६० साली सक्तीच्या तपासणीची योजना निघाली. प्रथम ती दहा वर्षांवरच्या गाड्यांना होती. १९६७ पर्यंत ती तीन वर्षांवर आली, आणि तेव्हापासून दरवर्षी. त्यातून मोटारसायकल सुटलेली नाही. ही तपासणी सरकारी कचेरीत होत नाही, परवाना दिलेल्या गल्लीतल्या गॅरेजात होते. नापास झालेल्या गाडीच्या मालकाला कारणे लेखी मिळतात आणि निकाल नोंदले जाऊन लोकांना पाहण्यास खुले राहतात. त्या निकालांवरून कळते की मोटारसायकली बहुतेक इंजिनामुळे नापास होत नाहीत. दिवे, ब्रेक, टायर, स्टीअरिंग हीच कारणे पुन्हा पुन्हा येतात. आमच्या फिटरमामाच्या चाकाने जे सांगितले तेच!

यावर माझेच सहकारी मला अडवतात. ते म्हणतात, ‘‘दरवर्षी तपासणी म्हणजे दरवर्षी एजंट, दरवर्षी खाडा, दरवर्षी भुर्दंड.’’ त्यांचे म्हणणे खोटे नाही. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारसायकलच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचा आकार ३०० रुपयांवरून १००० वर गेला. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील दुचाकीला पर्यावरण कर आहे तो निराळा. ज्याच्या दाराशी जुनी गाडी तोच गरीब, आणि त्यालाच दंड! अशी तपासणी मी मागत नाही. पंधरा वर्षांनी एकदा महाग तपासणी करण्यापेक्षा दर वर्षाला एक स्वस्त तपासणी करा. ती वस्तीतल्या परवानाधारक गॅरेजात, सुटीच्या दिवशी होऊ द्या. आणि नापास केले तर कारण मराठीत लिहून द्या. तपासणीचा हेतू गाडी भंगारात काढण्याचा नसून माणूस घरी पोचवण्याचा असला पाहिजे.

पैसे कोणी द्यायचे हाही प्रश्न आहे, आणि तो आता नव्या रूपाने उभा आहे. पाठीवर चौकोनी पेटी घेऊन ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याने जेवण आणि किराणा पोचवणारी जी मुले आपण रोज पाहतो, त्यांची मोटारसायकल हे त्यांचे अवजार आहे. पण पुष्कळांची पाटी पांढरी, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गाडी खासगी. दिवसभर चालून ती दोन वर्षांत जितकी झिजते तितकी बँकेतल्या कारकुनाची दहा वर्षांत झिजत नाही. पंधरा वर्षांची मुदत मात्र दोघांना सारखी. कारखान्यात लेथ मालकाची होती आणि तेल-पाणीही मालकाचे होते. इथे अवजार मजुराचे, झीज मजुराची, अपघातही मजुराचा, आणि घाई तेवढी कंपनीची. ज्याच्या कामासाठी चाक फिरते त्याने त्या चाकाच्या लायनरचे पैसे दिले पाहिजेत, ही मागणी जुन्या देखभालीच्या वहीइतकीच न्याय्य आहे. २०१० साली कर्मचारी राज्य विमा कायद्यात दुरुस्ती होऊन कामाला जाता-येतानाचा अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसल्यास, कामावरचा अपघात मानला गेला. वाट ही कामाचाच भाग आहे हे एकदा मान्य झाल्यावर वाटेवरचे यंत्र परके कसे?

शेवटी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. गाडी रस्त्यालायक हवी, हे खरे. पण रस्ताही गाडीलायक हवा. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणात खड्ड्यांनी माणसे मारली, हे येथे बसलेल्यांना सांगण्याची गरज नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले. सदोष रस्त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांत शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. ही संख्या एखाद्या युद्धाची असती तर तिच्यावर ग्रंथ लिहिले गेले असते.

तेव्हा सरकारकडे मागायचे ते मागूच. तोवर एक काम आपल्या हाती आहे. आमच्या युनियनच्या खोलीत भिंतीला एक वही टांगलेली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सभासद गाड्या घेऊन येतात, फिटरमामा काठी टेकीत प्रत्येक चाकाशी वाकतो, आणि नाव, तारीख, लायनर, वायर, टायर, दिवा असे लिहून घेतो. गेल्या महिन्यात एका पोराची गाडी त्याने उभी करून ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. पोरगा रागावला. मामा म्हणाला, ‘‘आज बसने जा. उद्या भांडायला ये.’’

पोरगा दुसऱ्या दिवशी भांडायला आला, आणि येताना नवे लायनर घेऊन आला.