धरणांचा मुलूख, वाडीची वीज आणि मोटारीची बॅटरी

जुन्या मावळांची नावे आणि आजच्या धरणांची नावे शेजारी शेजारी मांडली, तर भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांचा दीडशे वर्षांचा इतिहास समोर येतो. वेळवंड खोऱ्यात भाटघर, हिरडस मावळात नीरा देवघर, कानद खोऱ्यात गुंजवणी, मोसे खोऱ्यात वरसगाव आणि आंबी नदीवर पानशेत. शिवकाळात देशमुखांच्या वतनांवरून ओळखली जाणारी ही खोरी आज जलाशयांवरून ओळखली जातात. या मुलखात आता विजेवर चालणारी मोटार येऊ लागली आहे आणि तिच्याबरोबर बॅटरी सांभाळण्याचे नियमही आले आहेत: रोज शंभर टक्के भरू नका, पार रिकामी होऊ देऊ नका, उन्हात तापलेल्या गाडीला लगेच वेगवान चार्जर लावू नका. हे नियम मालकाच्या शिस्तीचा भाग म्हणून सांगितले जातात. माझे म्हणणे असे की भोर-वेल्ह्यात ते पाळता येणे मालकाच्या शिस्तीपेक्षा वाडीपर्यंत पोहोचणाऱ्या विजेवर अधिक अवलंबून आहे, आणि ती वीज अशी का आहे याचे उत्तर या धरणांच्या इतिहासात आहे.

भाटघरपासून सुरुवात करावी लागते. १८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खन होरपळल्यावर मुंबई सरकारने नीरेच्या कालव्याची योजना हाती घेतली आणि तिच्या साठवणुकीसाठी वेळवंडीवर पहिले धरण बांधले. ते अपुरे पडल्यावर विसाव्या शतकात त्याच ठिकाणी मोठे दगडी धरण उभे राहिले. १९२८ साली पूर्ण झालेल्या या धरणाला गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांचे नाव मिळाले. पाणी गेले बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या शिवारांत. तिथे ऊस उभा राहिला, साखर कारखाने निघाले. याच सुमारास वेल्ह्याला लागून असलेल्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) या वीजगृहांतून निघालेली वीज सह्याद्री उतरून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. म्हणजे महाराष्ट्रात वीज पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर तयार झाली ती याच डोंगररांगेच्या पाण्यावर, पण डोंगरात राहणाऱ्या माणसाच्या घरात दिवा लागावा हा त्या योजनांचा हेतू कधीच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि गावोगाव खांब जाऊ लागले. पण धरणांचा क्रम चालूच राहिला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुण्यात हाहाकार झाला. धरण नंतर पुन्हा बांधले गेले आणि वेल्ह्याचे पाणी पुण्याच्या नळांना जाऊ लागले. भाटघरच्या पायथ्याशी सोळा मेगावॉटचे वीजगृह १९७७ साली सुरू झाले. कालव्यासाठी सोडलेले पाणी आधी टर्बाइनवरून जाते, म्हणजे वीज इथे सिंचनाचे उपउत्पादन आहे. पाणी कधी सुटायचे हे खालच्या शेतीची आवर्तने ठरवतात आणि तयार झालेली वीज राज्याच्या जाळ्यात मिसळते. त्यात गैर काही नाही, वीजजाळ्याचे काम असेच चालते. तरीही यातून एक गोष्ट लक्षात येते: वीज जिथे तयार होते तिथल्या पुरवठ्याचा दर्जा आपोआप सुधारत नाही. तो शेवटच्या डीपीवर, तारेच्या लांबीवर आणि देखभालीच्या पैशांवर ठरतो.

तारेची लांबी हा इथला कळीचा मुद्दा आहे आणि तिचा धरणांशी थेट संबंध आहे. खोऱ्याचा तळ म्हणजे सपाट जमीन, सरळ रस्ता आणि एकमेकांना जवळची गावे. तो तळ पाण्याखाली गेला की उरलेली वस्ती उतारांवर, वळणावळणाच्या काठावर, विखुरलेल्या वाड्यांत राहते. समोरचा काठ डोळ्यांना दिसतो, पण रस्त्याने जायचे तर जलाशयाला वळसा घालावा लागतो. विजेच्या तारेलाही हाच वळसा पडतो. लघुदाबाची तार जितकी लांब, तितका तिच्या शेवटच्या टोकाचा दाब कमी. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, टीव्ही आणि कृषिपंप एकदम चालू झाले की दोनशे तीस व्होल्टच्या जागी बरेच कमी व्होल्टेज मिळते, बल्ब पिवळे पडतात, पंप घरघरतो. त्यात वेल्ह्याचा पाऊस. जून ते सप्टेंबर झाडे तारांवर पडतात, दरडी कोसळतात आणि वायरमनला चिखल तुडवत फॉल्ट शोधावा लागतो. एकदा लाइट गेली की ती कधी येईल याचा नेम नसतो.

आता मोटारीकडे येऊ. साधारण आकाराची विजेची मोटार एका युनिटमध्ये सात किलोमीटरच्या आसपास चालते. भोरहून पुण्याला जाऊन परत येण्याचा प्रवास शंभर ते एकशे वीस किलोमीटरचा, म्हणजे पंधरा ते अठरा युनिटांचा. घरातल्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवर ताशी तीन युनिटांच्या आत-बाहेर भरणा होतो, तेव्हा रात्रीची सहा-सात तासांची सलग वीज पुरते. त्यासाठी मीटरचा मंजूर भार तीन-चार किलोवॉटचा हवा, स्वतंत्र वायरिंग हवे आणि अर्थिंग पक्के हवे. अर्थिंग नीट नसेल तर बहुतेक चार्जर भरायलाच नकार देतात आणि व्होल्टेज फार खाली गेले तर मध्येच थांबतात. इलेक्ट्रॉनिक संरक्षण असल्याने कमी दाबाच्या विजेने बॅटरीला थेट इजा सहसा होत नाही. म्हणूनच अनेकांना वाटते की वाईट पुरवठ्याचा बॅटरीच्या आयुष्याशी संबंध नाही. पण तो आहे, फक्त तो माणसाच्या सवयींतून येतो.

ही सवय समजून घ्यायला २००५ नंतरची लोडशेडिंगची वर्षे आठवावी लागतात. त्या काळात ग्रामीण महाराष्ट्राने एक गोष्ट अंगी बाणवली: वीज असेल तेव्हा सगळे भरून ठेवायचे. टाकी भरायची, दळण उरकायचे, मोबाइल आणि इन्व्हर्टर पूर्ण चार्ज करून ठेवायचे. ती त्या परिस्थितीत शहाणपणाचीच वागणूक होती. इन्व्हर्टरच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीला ती मानवलीही, कारण फ्रान्सच्या गॅस्टन प्लांते यांनी १८५९ मध्ये शोधलेली ही बॅटरी भरलेली राहिली तरच टिकते आणि अर्धवट रिकामी पडून राहिली तर तिच्या पट्ट्यांवर कठीण थर धरतो. लिथियम-आयन बॅटरीचा स्वभाव मात्र उलटा आहे. १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या या जातीतल्या निकेलवर आधारित बॅटऱ्या पूर्ण भरून उष्णतेत पडून राहिल्या की आतल्या रासायनिक क्रियांनी लवकर झिजतात. त्यांना वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यानचे आयुष्य मानवते. लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या, ज्या आपल्याकडच्या अनेक गाड्यांत आहेत, अधिक सोशिक असतात आणि त्यांचे मोजमाप बरोबर राहावे म्हणून अधूनमधून शंभर टक्के भरण्याचा सल्ला कंपन्याच देतात. तरी महिनोन्महिने भरलेल्या अवस्थेत उभे राहणे त्यांनाही हिताचे नाही. रात्री वीज जाईल या धास्तीने रोज काठोकाठ भरणारा, किंवा वीज आलीच नाही म्हणून पार तळाला नेणारा मालक बेशिस्त नसतो. बेभरवशाच्या पुरवठ्याने त्याला तसे वागायला शिकवलेले असते.

घाटाचे उदाहरण हेच आणखी स्पष्ट करते. भोरहून वरंध घाटाने महाडकडे उतरताना मोटार ब्रेक लावण्याऐवजी स्वतःची मोटर जनित्रासारखी फिरवून वीज परत मिळवते. दीड टनांची गाडी पाचशे मीटर उतरली तर गणिताने सुमारे दोन युनिट ऊर्जा मोकळी होते. घर्षण आणि रूपांतरातली घट वजा जाता त्यातला बराचसा भाग बॅटरीत परत जाऊ शकतो. पण माथ्यावर बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर घ्यायला जागाच नसते, आणि सगळा भार पुन्हा साध्या ब्रेकवर पडतो. डोंगराळ भागात बॅटरी थोडी रिकामी ठेवणे हे तिच्या आयुष्यासाठी आणि उताराच्या सुरक्षिततेसाठी दोन्हीकडून हिताचे आहे. मात्र उद्या सकाळी वीज असेल ही खात्री असलेलाच माणूस अशी जागा मोकळी ठेवू शकतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की महामार्गावर वेगवान चार्जर वाढत आहेत, मग घरच्या विजेची एवढी चिंता कशाला? अधूनमधून वेगवान चार्जर वापरण्याला हरकत नाही आणि लांबच्या प्रवासात तो लागणारच. पण रोजचा भरणा त्यावरच करायचा झाला तर बॅटरी वारंवार तापते, युनिटचा दर घरच्यापेक्षा कितीतरी जास्त पडतो, आणि वेल्ह्याच्या आतल्या वाडीतून त्यासाठी नसरापूर किंवा कापूरहोळपर्यंत उतरावे लागते. पेट्रोलच्या मोटारीने लादलेले परावलंबन हेच होते. इंधन नेहमी खालून वर यायचे. जिचे इंधन गावातल्या तारेतून घेता येते अशी विजेची मोटार ही या डोंगराच्या दृष्टीने पहिलीच मोटार आहे. तिचा हा मोठा गुण महामार्गावरच्या पंपाची नवी आवृत्ती करून घालवणे शहाणपणाचे नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या तालुक्यांत मोटार घेऊ शकणारे किती? बहुतेकांना एसटी हवी, शाळेला जायला रस्ता हवा, दवाखाना हवा. हे पूर्ण खरे आहे आणि त्याचे उत्तर मोटारीचे कौतुक करून देता येत नाही. पण मागणी मोटारीची नाहीच, ती तारेची आहे. ज्या सशक्त तारेवर एक गाडी रात्री निर्धास्त भरेल, तिच्यावरच पिठाची गिरणी, प्राथमिक आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रीज, भाताची मळणी आणि मुलांचा अभ्यास चालतो. १ जून २०२२ रोजी एसटीची पहिली विजेवरची शिवाई बस पुणे-नगर मार्गावर धावली. अशा बसगाड्यांना कधी भोर-वेल्ह्याच्या आतल्या फेऱ्या करायच्या असतील, तर त्यांनाही मुक्कामाच्या गावी दमदार वीज लागेल. मोटार इथे तपासणीच्या उपकरणासारखी आहे. तार कमकुवत असेल तर ती पहिल्याच रात्री सांगते.

छतावरच्या सौर पॅनेलचा उपायही सुचवला जातो. केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटपर्यंत ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे आणि चांगल्या उन्हात तेवढ्या पॅनेलमधून दिवसाला दहा-बारा युनिट मिळतात. आठ महिने हा फार मोठा आधार आहे. पण ज्या पावसासाठी इथे धरणे बांधली गेली, तोच पाऊस चार महिने सूर्य झाकतो. शिवाय जाळ्याला जोडलेली नेहमीची सौर यंत्रणा वीज गेली की सुरक्षिततेसाठी स्वतःही बंद पडते. सूर्य तारेला मदत करतो, तिची जागा घेत नाही.

म्हणून भोर-वेल्ह्यात बॅटरीची निगा हा विषय गाडीच्या पुस्तिकेपुरता ठेवणे अपुरे आहे. मालकाने अर्थिंग तपासावे, भार वाढवून घ्यावा, आपली बॅटरी कोणत्या जातीची आहे हे जाणून मर्यादा ठरवावी. हे त्याचे काम आहे आणि ते त्याने केलेच पाहिजे. पण जलाशयाच्या काठाने वळसा घेत गेलेली तार दुरुस्त करणे, लांब लघुदाब वाहिन्या तोडून वाडीजवळ छोटे डीपी बसवणे आणि शेतीपंपांची वाहिनी घरांच्या वाहिनीपासून प्रत्यक्षात वेगळी ठेवणे त्याच्या हातात नाही. ते वीज कंपनीचे आणि शासनाचे काम आहे, आणि या खोऱ्यांच्या बाबतीत त्यामागे एक जुने देणेही आहे. ज्यांच्या सपाट जमिनी पाण्याखाली गेल्या आणि ज्यांची वस्ती त्यामुळे तारेच्या शेवटच्या टोकाला गेली, त्या टोकाला भरवशाची वीज पोहोचवणे हा त्या पाण्याच्या मोबदल्याचा राहिलेला हप्ता मानला पाहिजे. बारामतीचा ऊस आणि पुण्याचे नळ ज्यांच्यामुळे चालले, त्यांना रात्री सहा तास सलग दोनशे तीस व्होल्ट मागण्याचा हक्क आहे.