‘स्मृतिचित्रे’तील वडील : विनोद आणि वात्सल्याचा अभाव

मातापित्यांविषयीची कृतज्ञता हा मराठी आत्मचरित्रात दीर्घकाळ अलिखित दंडक होता. त्यांच्याकडून माया लाभली नाही, असे उघड म्हणणे कृतघ्नपणाचे ठरे. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांनी १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त ही अडचण विनोदाच्या आश्रयाने ओलांडली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

लक्ष्मीबाईंचे आजोबा वासुदेव भगवंत जोगळेकर यांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली. या आघातानंतर वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याचा अट्टहास, विटाळाची अखंड शंका आणि त्यापायी घरावर पसरलेली दहशत यांचे वर्णन लक्ष्मीबाई कोणतीही टिप्पणी न करता करतात. वेडाचे नियम त्या घरच्या साध्या रिवाजासारखे सांगतात. वाचक प्रथम त्या नियमांना हसतो; मग त्याला ते पाळणारे मूल दिसते. जिथे स्पर्शालाच भ्यावे लागते, तिथे मुलीला जवळ कोण घेणार? हा प्रश्न लेखिका विचारत नाही, परंतु हसू ओसरताच तो उरतो.

रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथाचा आदरयुक्त सूर लक्षात घेता या धिटाईचे मोल कळते. तुलनेसाठी एडमंड गॉस यांचे ‘फादर अँड सन’ (१९०७) अधिक जवळचे आहे. तेथेही धर्मनिष्ठ पित्याची कठोरता आणि हास्य एकत्र नांदतात. मात्र गॉस दोन पिढ्यांतील वैचारिक संघर्ष मांडतात, तर लक्ष्मीबाई स्वयंपाकघर, पाणी आणि वस्त्रे यांतूनच बोलतात. फ्रान्झ काफ्का यांनी १९१९ मध्ये वडिलांना लिहिलेल्या पत्रात तर थेट अभियोग आहे. ‘स्मृतिचित्रे’त अभियोग आहे, पण अभियोगाची भाषा नाही.

म्हणूनच हा विनोद म्हणजे क्षमा, हे वाचन अपुरे वाटते. फाशीची घटना आधी सांगून लेखिका वडिलांच्या वर्तनाचे कारण देते. कारण देणे म्हणजे निर्दोष ठरविणे नव्हे. भय बालपणीचे आहे, हसू साठी उलटलेल्या स्त्रीचे आहे. या दोहोंमधील अंतरातच मराठी आत्मचरित्राला न मिळालेल्या मायेविषयी बोलण्याची एक वाट सापडली.