तरंगंबाडी : आपल्या इसापनीतीचं आजोळ

गेल्या डिसेंबरअखेरीस तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला दोन दिवस राहिले. तिकडचा हिवाळा म्हणजे ईशान्य मोसमी पावसाचे दिवस. सकाळी दारोदार मार्गळी महिन्याचे मोठाले कोलम, आणि एक सर आली की सगळे पुसलेले.

गाव लहानच. १७९२ सालच्या वेशीतून आत शिरलं की सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना जुनी चर्च आणि बंगले, टोकाला समुद्र आणि डॅन्सबोर्ग किल्ला. हा किल्ला डेन्मार्कचा. तंजावरच्या रघुनाथ नायकाने १६२० मध्ये डॅनिश व्यापाऱ्यांना ही जागा दिली. पुढे तंजावर शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्याकडे आलं आणि डॅनिशांचा वार्षिक खंड मराठी दरबारात जमा होऊ लागला.

मी गेले होते ती मात्र छापखान्यासाठी. बार्थोलोमेयस झीगेनबाल्ग हा जर्मन मिशनरी १७०६ मध्ये इथे उतरला, तमिळ शिकला. लंडनहून यंत्र आणि जर्मनीतल्या हाले गावाहून तमिळ खिळे मागवून त्याने बायबलचा नवा करार छापला. कागद पुरेना, तेव्हा इथेच बारीक खिळे ओतले. कमी जागेत जास्त मजकूर बसवण्याची ही खटपट आमच्या धंद्यातल्या कुणालाही ओळखीची वाटेल.

१७५० मध्ये याच मिशनमध्ये श्वार्ट्झ आला. पुढे तो तंजावरला गेला आणि लहानग्या सरफोजीराजांचा पाठीराखा झाला. राजे गादीवर आल्यावर त्यांनी तंजावरला देवनागरी छापखाना काढला. तिथे १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ निघाली. सख्खण पंडितांनी केलेलं इसापाच्या गोष्टींचं ते मराठी भाषांतर!

त्याआधी एक वर्ष, १८०५ मध्ये, विल्यम कॅरेचं मराठी व्याकरण छापलं गेलं. ते कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला. इंग्रज कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देत नव्हती आणि सेरामपूर होतं डॅनिशांचं. कॅरेच्या मदतीला वैजनाथ पंडित होते. म्हणजे देवनागरीतल्या छापील मराठीच्या दोन्ही आरंभांमागे एकेक डॅनिश गाव आहे. (गोव्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ चं, पण ते रोमन लिपीत.) पहिला मान कोणाचा, यावर अभ्यासक भांडोत. मला विचाराल तर कॅरेचं पुस्तक साहेबांना मराठी शिकवण्यासाठी इंग्रजीत लिहिलेलं. मराठी माणसाने मराठीत गोष्ट वाचावी म्हणून छापलेलं पुस्तक तंजावरचं. पाचवीत आपण ज्या कोल्ह्याची आंबट द्राक्षं मोठ्याने वाचली, तो या वाटेने आला.

१८४५ मध्ये डेन्मार्कने तरंगंबाडी आणि सेरामपूर मिळून साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकली. व्यापार गेला, गाव तसंच राहिलं. आता घेणेकरी समुद्र. १३०६ च्या सुमारास पांड्य राजवटीत बांधलेल्या मासिलामणी मंदिराचा पुढचा भाग लाटांनी कधीच नेला. उरलेल्या गाभाऱ्यासाठी दगडांचा बांध घातलाय. २००४ च्या त्सुनामीने कोळीवाड्यातली माणसं नेली.

आपल्या बॅचची सहल दरवेळी कोकणातच ठरते. एकदा इकडे काढा. मयिलादुतुरै स्टेशनावर उतरायचं, तरंगंबाडी करून तंजावरला जायचं आणि सरस्वती महालात मराठी पोथ्या पाहायच्या. मोडी वाचता येणारं कुणी आपल्यात असेल तर त्याला आधी गाडीत बसवा. छत्री मात्र डिसेंबरातही हवी.