क्रुस्कलची आई

कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेल्या प्रत्येकाने एकदा तरी क्रुस्कलचा अल्गोरिदम घोकलेला असतो. सगळी गावं कमीत कमी तारेत जोडायची. सगळ्यात स्वस्त जोडणी आधी घ्यायची आणि वर्तुळ तयार होत असेल तर ती सोडून द्यायची. व्हायव्हाला हमखास येणारा प्रश्न. पण हा क्रुस्कल कोण, हे सरांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मार्कांशी मतलब!

तर हा जोसेफ क्रुस्कल. त्याचा तो पेपर १९५६ चा. त्याचा मोठा भाऊ विल्यम संख्याशास्त्रज्ञ. क्रुस्कल-वॉलिस चाचणीतला क्रुस्कल तो. मधला मार्टिन म्हणजे सॉलिटॉन लहरींवर काम करणारा गणिती. एकाच घरात तिघे! पण गेले काही वीकेंड या कुटुंबाबद्दल वाचल्यावर मला सगळ्यात भारी वाटली ती त्यांची आई.

लिलियन ओपनहायमर (ओपनहायमर हे दुसऱ्या लग्नानंतरचं नाव) जन्मली १८९८ मध्ये, न्यूयॉर्कला. १९२० च्या दशकाच्या शेवटी तिची मुलगी मॉली मेनिंजायटिसने आजारी पडली. अंथरुणावरच्या पोरीला रमवायचं कसं? लिलियनला मरे आणि रिग्नी यांचं कागदाच्या घड्यांवरचं १९२८ चं एक पुस्तक मिळालं. आपल्याकडे आजारी मुलांना होड्या आणि विमानं करून देतात, तसंच. फरक इतकाच, की ही बाई तिथे थांबली नाही.

१९५८ साली, साठीच्या उंबरठ्यावर, तिने न्यूयॉर्कमध्ये ‘ओरिगामी सेंटर ऑफ अमेरिका’ सुरू केलं. सेंटर म्हणजे काय, तर तिचं घरच. तिथे शिकवण्या, तिथूनच जगभर पत्रव्यवहार आणि तिथूनच ‘द ओरिगामियन’ नावाचं पत्रक. ‘पेपर फोल्डिंग’ हा सरळ इंग्रजी शब्द असताना तिने जपानी ‘ओरिगामी’ हाच शब्द लावून धरला आणि अमेरिकेत तो रुजवला. पुढच्याच वर्षी कूपर युनियनच्या म्युझियममध्ये कागदाच्या घड्यांचं प्रदर्शन भरलं. पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेलेली गोष्ट काचेच्या कपाटात गेली.

आता तुम्ही म्हणाल, यात विशेष काय? हौशी मंडळी जमली, क्लब काढला. असे क्लब पैशाला पासरी. मलाही आधी तसंच वाटलं. पण जपानमध्ये त्याच काळात काय चाललं होतं ते बघा.

अकिरा योशिझावा (१९११-२००५) हा आधुनिक ओरिगामीचा खरा बाप. कारखान्यातली नोकरी सोडून आयुष्यभर कागदच घडवत बसलेला माणूस. घडी कशी सांगायची यासाठी त्याने तुटक रेषा आणि बाण यांची एक चिन्हभाषा बनवली. त्याचं १९५४ चं पुस्तक त्याच भाषेत आहे. आतली घडी, बाहेरची घडी, कागद उलटा करा, सगळ्याला चिन्ह. पुढे अमेरिकेच्या सॅम्युअल रँडलेट आणि ब्रिटनच्या रॉबर्ट हार्बिन (हा पेशाने जादूगार!) यांनी ती उचलली, त्यात थोडी भर घातली आणि १९६० च्या दशकात तीच जगाची रीत झाली. म्हणजे जपानी न येणारा माणूसही जपानी पुस्तक समोर ठेवून बेडूक करू शकतो. आमच्या भाषेत सांगायचं तर हे प्रोटोकॉल ठरल्यासारखं आहे.

पण नुसत्या प्रोटोकॉलने काय होणार? तो बोलणारी माणसं जोडलेली हवीत ना! ते काम लिलियनच्या घरातून झालं. योशिझावाशी पत्रव्यवहार, इंग्लंडच्या मंडळींशी ओळखी, इथलं तिथे आणि तिथलं इथे. १९६७ मध्ये ब्रिटिश ओरिगामी सोसायटी निघाली, हार्बिन पहिला अध्यक्ष. जपानची निप्पॉन ओरिगामी असोसिएशन १९७३ ची, म्हणजे अमेरिकेच्या सेंटरनंतर पंधरा वर्षांनी! मुलाने तारा जोडायचं गणित मांडलं आणि आईने दोन वर्षांत तारा जोडायलाच घेतल्या. (योगायोग आहे, मला कळतं. पण छान आहे.)

आणि योशिझावा? त्याने हजारोंनी आकृत्या घडवल्या, पण त्यातल्या फार थोड्यांच्या कृती चित्ररूपात छापल्या गेल्या. बाकीच्या त्याच्याबरोबर गेल्या. चिन्हभाषा बनवणाऱ्यानेच डॉक्युमेंटेशन अर्धवट ठेवलं, हे वाचून जीव हळहळला. आपल्याकडच्या शिडाच्या होडीचं तरी काय वेगळं? आजीने नातवाला दाखवली तर ती टिकते, नाही तर संपली. भारतात पुस्तक झालंच नाही असं मात्र नाही. मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक काढलं. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइनने त्याचा उल्लेख केला आणि १९०१ मध्ये शिकागोहून त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली. पुस्तक सातासमुद्रापार गेलं, पण त्याभोवती माणसं जमली नाहीत.

सेंटरचं पुढे काय झालं? १९८० मध्ये मायकेल शॉल, अ‍ॅलिस ग्रे वगैरेंनी त्याला रीतसर संस्थेचं रूप दिलं. १९९४ मध्ये नाव बदलून ‘ओरिगामी यूएसए’ झालं. अ‍ॅलिस ग्रे न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात कीटकशास्त्रज्ञ. तिच्यामुळे तिथे घड्यांच्या प्राण्यांनी सजलेलं नाताळचं झाड उभं राहू लागलं. लिलियन १९९२ मध्ये गेली. मार्टिनची बायको लॉरा हीसुद्धा नावाजलेली ओरिगामी शिक्षिका. सून सासूच्या वळणावर, तेही आनंदाने!

सगळं गोडगोड नाही हं. कृती सगळ्यांना वाटायच्या ही या संस्थांची रीत, पण वाटली म्हणून ती कोणाचीच नाही का? २०११ मध्ये रॉबर्ट लँगसह सहा रचनाकारांनी सारा मॉरिस या चित्रकर्तीवर दावा लावला. कागदावरच्या त्यांच्या घड्यांच्या रेषा रंगवून तिने चित्रं केली होती, नाव न घेता. २०१३ मध्ये तडजोड झाली आणि मूळ रचनाकारांना श्रेय द्यायचं ठरलं. याच लँगने घड्यांचा आराखडा काढणारं ट्रीमेकर हे सॉफ्टवेअर लिहून फुकट देऊन टाकलंय. फुकट द्यायला ना नाही, नाव मात्र पुसू नका. ओपन सोर्सवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

दर वर्षी २४ ऑक्टोबर ते ११ नोव्हेंबर हे जागतिक ओरिगामी दिवस म्हणून पाळतात. शेवटचा दिवस जपानचा: ११-११, चार एक म्हणजे चौकोनाच्या चार बाजू. पहिला दिवस लिलियनचा वाढदिवस.