दोन रुपयांची दिवाणगिरी

१९२४ सालच्या मार्च महिन्यात नागपूरच्या कायदेकौन्सिलाने मध्यप्रांत व वऱ्हाड या जोडप्रांतातील दिवाणांचा पगार सालिना दोन रुपये मुक्रर केला. हिशेबी गृहस्थाने मांडून पाहावे: महिन्यास दोन आणे आठ पै पडतात. देशबंधू दास आणि पंडित मोतीलाल नेहरू यांनी स्थापिलेल्या स्वराज्य पक्षाला १९२३ च्या निवडणुकीत साऱ्या हिंदुस्थानात याच प्रांतात निखळ बहुमत लाभले होते. आणि ज्या द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण, शेती, अबकारी ही खाती हिंदी दिवाणांच्या स्वाधीन, पण पोलीस, जमाबंदी व खजिन्याची किल्ली मात्र गव्हर्नरसाहेबांच्या कमरेला, ती पद्धती आत शिरून बंद पाडावयाची, अशी प्रतिज्ञा करूनच ही मंडळी कौन्सिलात गेली होती. प्रतिज्ञा पुरी झाली. दिवाणांनी राजीनामे दिले, गव्हर्नराने सोपीव खातीही आपल्या दफ्तरात ओढून घेतली, आणि जिंकलेल्या विरोधी पक्षास पुढे करावयास काहीच उरले नाही.

या रितेपणाची बोच वऱ्हाडास अधिक जाणवली, त्याचे कारण वऱ्हाडच्या सनदी इतिहासात आहे. हा मुलूख १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, १९०२ साली सालिना पंचवीस लक्ष रुपयांच्या खंडणीवर कायमचा इजाऱ्याने घेतला गेला, आणि पुढल्या वर्षी मध्यप्रांतास जोडला गेला. तरी कायद्याच्या काटेकोर दृष्टीने तो ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हताच. यामुळे मोठी मौज होई. अमरावती-अकोल्याच्या मतदारांनी रीतसर निवडून दिलेला सभासद कौन्सिलात बसे तो निवडून आलेला म्हणून नव्हे. निवडणुकीनंतर सरकार त्याची नेमणूक करी, आणि मगच त्यास जागा मिळे. लोकांनी वरलेला आणि सरकारने नेमलेला असा हा दुहेरी प्रतिनिधी, भाडेकरू सरकारच्या सभागृहात उभा राहून, घरमालकाकडेही डोळा ठेवून बोलत असे; कारण १९२३ पासून निजामसरकार आपला मुलूख परत मागत होते, आणि व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांचा सडेतोड नकाराचा खलिता हैदराबादेस पोचावयास १९२६ चा मार्च उजाडावा लागला.

अशा मुलखातील वकीलवर्ग बंडखोरीपेक्षा कलमांच्या फटींत वाट शोधण्यात पारंगत व्हावा, यात नवल नाही. अमरावतीचा बार त्या काळी प्रांतभर गाजलेला होता. टिळकांचे स्नेही दादासाहेब खापर्डे तेथलेच. मवाळांचे अग्रणी सर मोरोपंत जोशी तेथलेच. आणि स्वराज्य पक्षाच्या बळावर १९२५ मध्ये कौन्सिलाचे अध्यक्ष झालेले श्रीपाद बळवंत तांबे हेही तेथलेच. मोरोपंत गव्हर्नराच्या कार्यकारी मंडळात गृहखाते सांभाळीत. त्यांची मुदत संपली, आणि ऑक्टोबर १९२५ मध्ये ती खुर्ची तांब्यांनी स्वीकारली. अमरावतीच्या एका वकिलाची खुर्ची दुसऱ्याकडे गेली, इतकेच पाहणाऱ्यास वाटावे. पण पहिला मवाळ होता आणि दुसरा असहकाराच्या मुशीतून निघालेल्या पक्षाचा.

गदारोळ उठला. पंडित मोतीलालांनी तांब्यांचा कडक निषेध केला. पुण्याहून केसरीकार न. चिं. केळकर व मुंबईहून बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी तांब्यांची पाठराखण केली. आणि नागपुरास आलेल्या मोतीलालांनी पक्षाचा रोगट अवयव कापून टाकला पाहिजे, अशा आशयाचे उद्गार काढल्यावर समेटाची भाषा संपली. केळकर, जयकर आणि नागपूरचे डॉ. मुंजे यांनी पक्षाच्या कार्यकारिणीतून अंग काढून घेतले. वादाच्या मुळाशी मात्र तांबे नव्हते. टिळकांनी १९१९ च्या अमृतसर काँग्रेसच्या वेळी उच्चारलेल्या प्रतियोगी सहकारिता या शब्दाचा वारसा कोणाकडे जातो, हा तो तंटा होता. सरकार जितके देईल तितके पदरात घ्यावे, देणार नाही तेथे अडवावे, असा त्याचा महाराष्ट्रीय अर्थ. आणि टिळकांच्या पश्चात त्यांच्या शिष्यांस या एका शब्दाखेरीज दुसरी इस्टेट फारशी उरली नव्हती, असे, अतिशयोक्तीचा थोडा दोष पत्करून, मी म्हणेन.

केळकर-जयकर-मुंज्यांच्या नव्या प्रतिसहकार पक्षाची बैठक फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्यास भरली. मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे हे गाव पुणेकर, मुंबईकर आणि नागपूरकर या तिघांनाही सोयीचे. अमरावतीस जावयाचे तर बडनेऱ्यास गाडी बदलावी लागे, आणि राजकारणातही ही बडनेऱ्याची खोळंबा करणारी पायरी कोणास नको असते. हंगामही कापसाचा. त्या दिवसांत अकोल्याच्या बाजारात गाड्यांची रांग लागे, बैल जुवाखाली माना टाकून उभे असत, अडत्याचा माणूस बोंडातला पुंजका चिमटीत धरून दोन्ही हातांनी ओढी, तंतूंची लांबी पाही, आणि एका शब्दाने शेतकऱ्याचे वर्ष ठरवी. कापसाचा व्यवहार ज्या गावात असा नगद भावाने चाले, त्या गावी मिळेल तेवढे घ्या म्हणणारा पक्ष जन्मास यावा, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे वऱ्हाडच्या बाजूने या पक्षाचे धुरीण होते.

प्रतिसहकार पक्षास पदलोलुपांचा कंपू म्हणण्याची चाल पुढे पडली, ती मला अन्यायाची वाटते. त्याच वसंतात, सात समुद्रांपलीकडे, आयर्लंडच्या सुमारे साडेतीन वर्षांच्या स्वतंत्र राज्यात हाच पेच होता. राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागते म्हणून डी व्हॅलेरा संसदेबाहेर बसून होते; मार्च १९२६ मध्ये त्यांनी जुन्या सिन् फेनचे नेतृत्व सोडले, मे महिन्यात डब्लिनमध्ये फियाना फॉइल हा पक्ष उभारला, आणि वर्षभराने शपथेच्या पुस्तकात, ही पोकळ रीत आहे असे सांगत, सही करून आत गेले. १९३२ साली ते सत्तेवर आले. त्यांस कोणी पदलोलुप म्हणत नाही, कारण आत शिरल्यावर हाती घेण्याजोगे राज्य तेथे होते. नागपुरास ते नव्हते.

एप्रिलात साबरमतीस समेटाचा मसुदा झाला. दिवाणांस पुरेसा अधिकार व स्वातंत्र्य मिळत असेल तर अधिकारपदे घ्यावीत, असे त्यात ठरले, आणि पुरेसा म्हणजे किती, यावर तो मे महिन्यातच फाटला. नोव्हेंबरच्या निवडणुकीत मध्यप्रांतातील स्वराज्य पक्षाचे बहुमत ओसरले. १९२७ च्या जानेवारीत बिलासपूरचे राघवेंद्रराव आणि अमरावतीचे रामराव देशमुख दिवाण झाले. खजिन्याची किल्ली आणि ती कंबर, दोन्ही जेथल्या तेथे राहिली. तांबे तर १९२९ मध्ये काही काळ प्रांताचे हंगामी गव्हर्नरही झाले. अमरावतीच्या बाररूममध्ये त्या दिवशी काय संभाषण झाले असेल, याची कल्पना करीत मी कित्येकदा हसलो आहे.

पुढे काळच पालटला. मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, आणि समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वऱ्हाडाने कायदेभंगासाठी राखीव जंगले निवडली. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे जंगल-सत्याग्रहाचा आरंभ झाला. त्या दिवशी राखीव रानातल्या गवतात विळा घेऊन जे वाकले, आणि ज्यांना पोलिसांनी तेथेच पकडले, ते प्रतिसहकार पक्षाचे बापूजी अणे होते.