एल-सोफा (कॉर्नर सोफा)

एल-सोफा : दोन किंवा अधिक सुट्या भागांचा, काटकोनात जोडून खोलीच्या कोपऱ्यात मांडायचा सोफा. दुकानात त्याला 'एल-शेप', 'कॉर्नर' किंवा 'सेक्शनल' म्हणतात. घरात आला की तो नुसता 'सोफा' होतो. एक बाजू लांब, तिघांना पुरणारी. दुसरी आखूड, दोघांची, नाहीतर एकाने पाय पसरून बसावे अशी. या पाय पसरायच्या भागाला लाउंजर आणि सोबत येणाऱ्या सुट्या, बिनपाठीच्या बैठकीला पफी असे म्हणतात. सातारा आणि सांगली या कृष्णाकाठच्या दोन जिल्ह्यांतल्या घरांपुरता त्याचा विचार या नोंदीत केला आहे. काटकोनात, एकमेकांना लागून बसण्याची रीत इथे जुनी आहे, आणि पुराचे पाणी हॉलमध्ये शिरले की सोफ्याचे काय होते तेही इथल्या लोकांनी पाहिले आहे.

शब्द व पूर्वपीठिका : 'सोफा' हा शब्द इंग्रजीतून मराठीत आला, त्याचे मूळ अरबी 'सुफ्फा', म्हणजे बसायचा उंच ओटा. तुर्की भाषेत 'सोफा' म्हणजे घरातली मधली मोठी खोली. या दोन जिल्ह्यांत मात्र 'सोपा' हा शब्द सोफ्याच्या कितीतरी आधीपासून तोंडात आहे. सोपा म्हणजे घराचा दर्शनी भाग : अंगणापेक्षा हातभर उंच, पुढून खांबांवर पेललेला, मागे माजघराचा दरवाजा. पाव्हणा आला की सोप्यात घोंगडे किंवा जेन अंथरायचे, पाण्याचा तांब्या पुढे ठेवायचा आणि मग बोलणे सुरू. चौकाच्या चारही अंगांना असे सोपे असले की तो चौसोपी वाडा. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. तिथल्या एखाद्या चौकात उभे राहून दोन सोपे जिथे काटकोनात मिळतात तो कोपरा पाहावा. तिथे बसलेल्या माणसाला दोन्ही बाजूंची माणसे दिसतात आणि समोरचा चौक मोकळा राहतो. आजचा एल-सोफा हेच करतो. चारांतले दोन सोपे त्याने हॉलमध्ये आणले आहेत, आणि चौकाच्या जागी टीपॉय व टीव्ही आहे.

बसण्याच्या जागेला या भागात नेहमीच मोठा अर्थ राहिला. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ मध्ये साताऱ्यात झाला आणि 'सातारची गादी' हा शब्दप्रयोग राज्यासाठीच रूढ झाला. १८४८ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले तरी शब्द राहिला. सांगलीत गादी म्हटले की पेढी आठवते. हळदीच्या अडतदुकानात पांढरी चादर घातलेली गादी, भिंतीला लोड, कोपऱ्यात तक्क्या, पुढे उतरते मेज. शेतकरी, दलाल, व्यापारी सगळे त्याच गादीच्या काठाला टेकायचे. गादी जमिनीसरशी असल्याने कोण किती वर बसला हा प्रश्न फारसा येत नसे. मान ठरायचा तो लोडापासून किती जवळ यावर.

खुर्ची आणि कोच इंग्रजी अमलात आधी संस्थानिकांच्या दिवाणखान्यात, मग वकील-डॉक्टरांच्या घरी आले. नोकरदार घरात पुष्कळ वर्षे लोखंडी कॉट हीच बैठक होती : दिवसा वर सोलापुरी चादर, रात्री अंथरूण. त्यानंतर खाली खण असलेला लाकडी दिवाण आला, मग तीन अधिक एक अधिक एक असा सोफासेट. या सेटची तऱ्हा थोडी नाटकातल्यासारखी होती. सांगली ही विष्णुदास भाव्यांची नगरी. १८४३ मध्ये त्यांनी 'सीता स्वयंवर' इथेच रंगभूमीवर आणले. पुढे मराठी रंगमंचावर दिवाणखान्याचा देखावा रुळला तेव्हा मधोमध सोफा आणि दोन बाजूंना दोन खुर्च्या ही मांडणी ठरून गेली. घरातला सेटही तसाच मांडला जाई आणि पाहुण्यासमोर तसाच अवघडलेला वाटे. एल-सोफ्याने ही समोरासमोरची मांडणी मोडली.

सुट्या भागांचा सोफा हा कारखान्याच्या युगातला विचार. अमेरिकेत हार्वे प्रॉबर याने १९४० च्या दशकात हवे तसे जोडता येणारे बैठकीचे भाग आणले. इटलीत मारिओ बेलिनीचा 'कामालेओंडा' हा गाद्यागाद्यांचा सोफा १९७० चा. बेलिनीच्या सोफ्यासारखे सोफे शक्य करणारी वस्तू फोम. हा फोम ज्याचा बनतो त्या पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीत ओटो बायर याच्या प्रयोगशाळेत १९३७ मध्ये लागला. काथ्या, कापूस आणि स्प्रिंग यांच्या जागी हवा तसा कापता येणारा फोम आल्यावर लाकडी सांगाडा झाकला गेला आणि सोफा ठोकळ्यांचा झाला.

रूप व मापे : इथल्या फ्लॅटमधला हॉल बहुधा १० फूट रुंद आणि १२ ते १५ फूट लांब असतो. त्यात ८ फूट बाय ६ फुटांचा एल बेताने बसतो. सोफ्याची एकूण खोली ३२ ते ३६ इंच, बसायची उंची १६ ते १८ इंच. टीपॉय आणि सोफा यांत दीड फूट आणि स्वयंपाकघराकडे जायच्या वाटेला किमान अडीच फूट सोडले नाहीत, तर चहाचा ट्रे घेऊन येणारीला प्रत्येक वेळी आडवे व्हावे लागते. दुकानात सोफा लहान दिसतो कारण दुकान मोठे असते. घरी जमिनीवर खडूने माप आखून त्याभोवती एकदा फिरून यावे; अर्ध्या चुका तिथेच कळतात. लाउंजर उजव्या हाताला की डाव्या, हेही तोंडी सांगू नये. सोफ्याकडे तोंड करून उभे राहिल्यावरचा उजवा हात आणि सोफ्यावर बसल्यावरचा उजवा हात वेगळे असतात. कागदावर खिडकी, दार आणि टीव्ही काढून द्यावा.

काटकोनाने खोलीला कोपरा मिळतो, तसा एक कोपरा जातोही. तिथली जुनी शोकेस, शिवणयंत्र, देव्हारा यांना दुसरी जागा शोधावी लागते. गडद रंगाचा मोठा एल लहान हॉल भरून टाकतो; बुडाखाली चार-सहा इंच मोकळे ठेवणारे पाय असतील तर फरशी दिसत राहते, झाडू जातो आणि खोली मोठी वाटते. पाय नसलेला, जमिनीला टेकलेला सोफा दिसायला भारदस्त असतो, पण खाली धूळ, झुरळे आणि मुलांचे चेंडू साठवतो.

स्पर्श व बसणे : दुकानदार फोमची घनता ३२, ४० अशा आकड्यांत सांगतो, म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन तितके किलो. ३२ चा फोम रोजच्या बसण्याने काही वर्षांत खड्डा धरतो, ४० चा जास्त टिकतो. फोमखाली रबरी पट्टे किंवा नागमोडी स्प्रिंगा असतात. बैठक उगाच करकरू लागली तर बहुधा फोमचा दोष नसतो, पट्टा सैल झालेला असतो. गावातला कुशनवाला तो तासाभरात बदलून देतो. गादीकाम इथे फार जुने आहे. पिंजारी धुनकीवर कापूस पिंजून गाद्या भरत, आणि दर काही वर्षांनी तोच कापूस उसवून, पिंजून पुन्हा भरला जाई. फोम पुन्हा पिंजता येत नाही. बसला की बदलायचा, एवढाच उपाय.

कापडाचा प्रश्न या भागात गावागणिक बदलतो. महाबळेश्वरकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथे भिंतीला चिकटून ठेवलेल्या सोफ्याच्या पाठीला बुरशी धरते, म्हणून भिंत आणि पाठ यांत वीतभर जागा हवी. माण, आटपाडी, जत भागात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि उन्हाळाभर फुफाटा. तिथे काढून धुता येणारी खोळच कामाची. रेक्झिन पुसायला सोपे, पण एप्रिल-मे महिन्यांत उघड्या दंडाला चिकटते आणि चार-सहा वर्षांत पापुद्रे सोडते. पुष्कळ घरांत चांगल्या कापडाच्या सोफ्यावर चादर टाकलेली दिसते. त्यात कंजूषपणा नाही. आलेल्याने संकोच न करता बसावे आणि बसलेल्या जागेचा डाग लगेच धुता यावा, ही ती काळजी आहे.

वयस्क माणसांसाठी खोल आणि मऊ बैठक त्रासाची असते. सत्तरीतली आजी एल-सोफ्यावर कशी बसते ते पाहावे. ती मागे टेकत नाही. काठावर बसते, पाय जमिनीला लावते, आणि उठताना हाताला धरायला काही सापडत नाही म्हणून उशी दाबते. उशी दबते, आजी पुन्हा खाली. लाउंजरच्या टोकाला हात नसतो, कोपऱ्यात तर दोन्ही बाजूंना नुसती गादी. म्हणून लांब बाजूच्या टोकाला कडक, लाकडी हाताची एक जागा ठेवावी आणि तिथली बैठक १८ इंचांपेक्षा खाली जाऊ देऊ नये. मांडी घालून बसणाऱ्यांना मात्र ही खोली आवडते. पाठीशी लोड ठेवून, पाय वर घेऊन बसले की पेढीवरच्या गादीची सवय परत येते. खोल सोफा इथल्या अंगाला परका वाटत नाही तो यामुळेच.

उपयोग : एल-सोफ्यावर माणसे समोरासमोर येत नाहीत, गुडघ्याला गुडघा लागेल अशी शेजारी येतात. लग्नाच्या बोलणीत हा फरक नीट दिसतो. मुलाकडची मंडळी लांब बाजूला, मुलीकडची आखूड बाजूला, आणि कोपऱ्याच्या दोन्ही अंगांना दोघांकडचे थोरले. हळू आवाजात देण्याघेण्याचे बोलायचे तर हीच जागा सोयीची. नेमका कोपरा मात्र मोठ्या माणसाला देऊ नये : पाय कुठे ठेवावेत कळत नाही आणि उठायचे तर दोघांना सरकावे लागते. तो आपसूक मुलांकडे जातो. रात्री गावाकडून पाव्हणा आला की लाउंजर आणि पफी जोडून अंथरूण होते. कॉटने आणि दिवाणाने जे काम केले तेच पुढे चालू.

तरीही वर्षातले काही दिवस हॉल जमिनीचाच असतो. सत्यनारायण, गौरी-गणपती, हळदीकुंकू, भजन, बारसे यांना सतरंजी लागते. मिरजेसारख्या गाण्याच्या गावात घरगुती मैफल ठरली की सोफा आधी खोलीबाहेर जातो, मग तंबोरे जुळतात. इथेच एल-सोफ्याची खरी परीक्षा आहे, आणि प्रस्तुत नोंदीचे मतही इथेच : या दोन जिल्ह्यांतल्या घरात जोडलेला राहण्यापेक्षा सुटा होता येणे हा या सोफ्याचा मोठा गुण मानावा. चांगल्या सोफ्यात एका भागाच्या बुडाशी लोखंडी जीभ आणि शेजारच्या भागाला तिची खोबण असते. एक भाग बोटभर उचलून खाली ठेवला की जीभ खोबणीत उतरते; पुन्हा बोटभर उचलला की सुटते. दोघांनी पाच मिनिटांत हॉल मोकळा करावा, इतके सोपे. खोबण नसलेले भाग गुळगुळीत टाइल्सवर सरकत राहतात आणि मधल्या फटीत रिमोट, सुटे पैसे, चष्मा जातो. काही सुतार दोन्ही बाजू एकाच चौकटीत ठोकून देतात. असा एल पक्का असतो, पण जिन्याच्या वळणावर अडतो, आणि घर बदलायच्या दिवशी खिडकीचे गज कापायची वेळ आणतो.

पूर : सुटे होण्याची सर्वांत मोठी गरज पावसाळ्यात कळते. सांगलीत कृष्णेचे पाणी १९२९ साली बांधून झालेल्या आयर्विन पुलाशी मोजतात. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि गावभाग, मारुती चौक, हरिपूर रस्ता या भागांत घराघरांत शिरले. २००५ आणि २०२१ चे पूरही लोकांच्या लक्षात आहेत. कऱ्हाड आणि पाटणनेही कृष्णा-कोयनेचे पाणी सोसले आहे. पाणी ओसरल्यावर गल्लोगल्ली दारापुढे ढीग लागले. त्यांत सोफे होते. फोम पाणी आणि गाळ दोन्ही पितो. बाहेरून वाळला तरी आतून वाळत नाही, कुबट वास जात नाही, आणि भिजलेला तीन बैठकींचा सोफा चौघांना उचलत नाही. साधे प्लायवूड फुगून पदर सोडते. सागवानी चौकट मात्र धुऊन, सावलीत वाळवून पुन्हा उभी राहते.

म्हणून नदीकाठच्या घरांसाठी काही गोष्टी ठाम सांगता येतात. चौकट सागवानी, किंवा 'आयएस ७१०' शिक्का असलेल्या मरीन प्लायची असावी. 'आयएस ३०३' मधली एमआर प्रत नुसती दमट हवा सोसते, बुडणे नाही. पाय धातूचे किंवा भरीव लाकडाचे, किमान सहा इंच. खोळी चेनने निघणाऱ्या, म्हणजे फोम वेगळा काढून माळ्यावर टाकता येतो. आणि कुठलाही एक भाग घरातल्या दोन माणसांना जिन्यावरून नेता यावा इतकाच जड. इशारा आणि पाणी यांत काही तास मिळतात. त्या तासांत आधी माणसे, जनावरे, कागदपत्रे आणि धान्य वर जाते, सोफ्याची पाळी शेवटी येते. तेव्हा स्क्रू शोधत बसायला वेळ नसतो.

सोफा घेताना पैसे देण्याआधी दुकानातच त्याचे सगळे भाग सुटे करून, पुन्हा जोडून दाखवायला सांगावे. एक भाग आपण स्वतः दुसऱ्या टोकाला धरून उचलून पाहावा. उचलला नाही, किंवा सुटला नाही, तर तो घेऊ नये.