बास्केटबॉलमधील नामांकित गार्ड : तुलनेचा न्याय

निरनिराळ्या काळांतील थोर पुरुषांना एकाच पंक्तीस बसवून त्यांच्यांत श्रेष्ठ कोण, हें ठरविण्याची हौस मनुष्यास फार जुनी आहे. विजय मर्चंट थोर, कीं सुनील गावसकर, कीं सचिन तेंडुलकर, या वादांत आपल्याकडे घरोघर किती संध्याकाळी खर्ची पडल्या असतील त्याची गणती नाहीं. अमेरिकेंत हाच वाद बास्केटबॉलच्या खेळाविषयीं, आणि त्यांतही ‘गार्ड’ या जागीं खेळणाऱ्या गड्यांविषयीं चालतो. बॉब कूझी, ऑस्कर रॉबर्टसन, जेरी वेस्ट, मॅजिक जॉन्सन, मायकेल जॉर्डन आणि स्टीफन करी हीं त्या वादांतील ठळक नांवें होत. वाद घालणारे बहुधा आंकड्यांची वही उघडतात आणि ज्याच्या नांवापुढें मोठा आंकडा दिसेल त्याच्या गळ्यांत माळ घालून मोकळे होतात. परंतु त्या वहीलाही स्वतःचा इतिहास आहे. ती कोणत्या नियमांखालीं लिहिली गेली, तींत काय टिपलें गेलें आणि काय टिपावयाचें राहिलें, हें पाहिल्यावांचून दिलेला निकाल न्यायाचा होत नाहीं.

प्रथम या जागेचें काम काय तें समजून घेतलें पाहिजे. डिसेंबर १८९१ मध्यें अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड या गांवीं जेम्स नेस्मिथ नांवाच्या व्यायामशिक्षकानें, थंडीच्या दिवसांत घरांत खेळतां यावा म्हणून, हा खेळ काढला. व्यायामशाळेच्या कठड्याला दहा फूट उंचीवर पीच फळांच्या टोपल्या ठोकून त्यानें तेरा नियम लिहिले. त्या नियमांप्रमाणें चेंडू घेऊन धांवण्यास मनाई होती. जेथें चेंडू हातीं आला तेथूनच तो फेंकावा लागे. चेंडू जमिनीवर आपटीत पुढें नेण्याची युक्ति, जिला ड्रिब्लिंग म्हणतात, ती मागाहून आली. गार्ड म्हणजे राखणदार, आणि प्रारंभीं त्याचें काम नांवाप्रमाणें आपली बाजू राखण्याचेंच होतें. पुढें चेंडू आपटीत नेण्याची कला वाढली, तसा हाच राखणदार संघाचा सारथि झाला. आज संघांतील पांच गड्यांपैकीं दोघे गार्ड असतात. चेंडू पुढें आणणें, कोणास केव्हां द्यावयाचा तें ठरविणें आणि संधि मिळतांच स्वतः टोपलींत टाकणें, हें त्यांचें काम.

या सारथ्याची कला प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरविली ती बॉब कूझी यानें. फ्रान्सहून आलेल्या गरीब आईबापांच्या पोटीं १९२८ सालीं न्यूयॉर्क येथें तो जन्मला. लहानपणीं झाडावरून पडून उजवा हात मोडला, तेव्हां तो डाव्या हातानें खेळावयास शिकला. पुढें दोन्ही हात सारखे चालूं लागले, तें त्या अपघाताचें फळ. १९५० मध्यें एक धंदेवाईक संघ बुडाला आणि त्याचे तीन गडी तीन संघांनीं टोपींत चिठ्ठ्या टाकून वांटून घेतले. बोस्टनच्या वांट्यास कूझी आला, आणि चिठ्ठी उघडणारा मालक चक्क हिरमुसला! त्याच कूझीनें बोस्टनला सहा अजिंक्यपदें मिळवून देण्यास हातभार लावला आणि सहकाऱ्यांना गुण मिळवून देणाऱ्या पासांत, म्हणजे ‘असिस्ट’मध्यें, लागोपाठ आठ वर्षें पहिला क्रमांक राखला. पाठीमागून चेंडू फिरविणें, एकीकडे पाहून दुसरीकडे फेंकणें, या ज्या करामती आज शाळेंतलीं मुलेंही करतात, त्या त्यानें रूढ केल्या.

आतां कूझीच्या आंकड्यांकडे पाहिलें तर आजचा रसिक नाक मुरडील. त्याच्या शंभर फेंकींपैकीं सरासरीनें सदतीस-अडतीसच टोपलींत गेल्या. परंतु १९५० ते १९६० या दशकांत सबंध लीगची सरासरीच शंभरांत बेचाळिसाच्या आंत होती. शिवाय, त्याच्या पहिल्या चार हंगामांत एक मोठें वैगुण्य होतें : संघानें चेंडू किती वेळ स्वतःजवळ ठेवावा यास कांहीं मर्यादाच नव्हती. आघाडी मिळाली कीं चेंडू नुसता एकमेकांकडे देत बसावें, असा प्रकार चाले. २२ नोव्हेंबर १९५० रोजीं फोर्ट वेन आणि मिनीॲपोलिस यांचा सामना १९ विरुद्ध १८ अशा गुणसंख्येवर संपला! चेंडू सोडवावयाचा तर प्रतिपक्षानें फाऊल करावा, एवढाच उपाय उरे. मार्च १९५३ मध्यें सिरॅक्यूजविरुद्ध, चार वेळां वाढवून दिलेल्या सामन्यांत, कूझीनें ५० गुण मिळविले. पैकीं ३० गुण फाऊलबद्दल मिळालेल्या फ्री थ्रोचे होते. आजच्या गड्याचे ५० गुण आणि हे ५० गुण वहींत सारखेच दिसतात. परंतु त्यांची घडण अगदीं निराळी आहे.

या रोगावर औषध शोधलें तें सिरॅक्यूज संघाचा मालक डॅनी बियासोन यानें. त्याचा हिशेब शाळकरी पोरालाही समजण्यासारखा होता. चांगल्या रंगलेल्या सामन्यांत दोन्ही संघ मिळून सुमारें १२० फेंकी करतात, सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंदांचा, भागाकार २४. तेव्हां चोवीस सेकंदांच्या आंत फेंक झालीच पाहिजे, असा नियम १९५४ मध्यें आला आणि एका हंगामांत संघाची सरासरी गुणसंख्या ७९.५ वरून ९३.१ वर गेली. गडी तेच, टोपली तीच. एका घड्याळानें आंकडे फुगले. गड्यांची तुलना करणारानें ही गोष्ट प्रथम ध्यानांत ठेवावी.

घड्याळानें वेगवान झालेल्या याच खेळांत १९६० सालीं ऑस्कर रॉबर्टसन उतरला. १९६१-६२ च्या हंगामांत त्यानें दर सामन्यास सरासरीनें ३०.८ गुण, ११.४ असिस्ट आणि टोपलीवरून उसळलेले १२.५ चेंडू, म्हणजे रिबाउंड, मिळविले. तिन्ही बाबतींत दोन आंकडी सरासरी राखण्याचा हा पराक्रम पुढें पंचावन्न वर्षें कोणास साधला नाहीं. २०१६-१७ मध्यें रसेल वेस्टब्रूक यानें ३१.६ गुण, १०.४ असिस्ट आणि १०.७ रिबाउंड अशी सरासरी नोंदविली, आणि लगेच वाद पेटला. रॉबर्टसनच्या त्या हंगामांत एक संघ दर सामन्यास सुमारें १०७ फेंकी करी आणि त्यांतील बऱ्याच हुकत. म्हणून संघाला सुमारें ७० रिबाउंड मिळत. वेस्टब्रूकच्या वेळीं फेंकी सुमारें ८५ आणि रिबाउंड सुमारें ४४. शिवाय रॉबर्टसन सामन्यांत सरासरी ४४ मिनिटें खेळे, तर वेस्टब्रूक ३५ च्या आंत. हा हिशेब मांडला म्हणजे नव्या गड्याचें पारडें जड होतें.

परंतु एवढ्यावरच तराजू खालीं ठेवणें योग्य नव्हे. इंडियानापोलिस शहरांत रॉबर्टसन ज्या शाळेंत शिकला ती कृष्णवर्णीय मुलांसाठीं वेगळी काढलेली शाळा होती. १९५५ मध्यें त्या शाळेनें राज्याचें अजिंक्यपद जिंकलें. विजयी संघाचा उत्सव शहराच्या मध्यवर्ती चौकांत करण्याची चाल असतां, या मुलांना चौकास वळसा घालूं देऊन त्यांच्या वस्तींतील उद्यानांत नेण्यांत आलें. पुढल्या वर्षीं त्यांनीं अजिंक्यपद पुन्हां जिंकलें, तेव्हां रॉबर्टसन सतरा वर्षांचा होता. १९५० पूर्वीं तर एन.बी.ए. या प्रमुख लीगचीं दारें कृष्णवर्णीयांना बंदच होतीं. त्या वर्षीं चक कूपर बोस्टनच्या संघांत आला. दक्षिणेंतील रॅले गांवीं त्याला वर्णामुळें हॉटेलांत राहूं देईनात. तेव्हां कूझी त्याच्याबरोबर रात्रीच्या आगगाडीनें निघून गेला. हें कूझीच्या मनाचें मोठेपण खरेंच. परंतु ज्या मैदानावर कित्येक उत्तम गड्यांना पाऊलच ठेवूं दिलें नव्हतें, तेथील आरंभीच्या वर्षांचे विक्रम वाचतांना हीही नोंद शेजारीं ठेवली पाहिजे.

वहींत जें टिपलेंच गेलें नाहीं, त्याचें उत्तम उदाहरण म्हणजे जेरी वेस्ट. लॉस एंजलिसच्या लेकर्स संघांत तो १९६० पासून १९७४ पर्यंत खेळला. प्रतिपक्षाच्या हातून चेंडू हिसकावून घेण्यांत त्याचा मोठा लौकिक; पण अशा हिसकावण्यांची अधिकृत गणना सुरू झाली ती १९७३-७४ मध्यें, म्हणजे त्याच्या अखेरच्या हंगामांत! दुखापतीमुळें त्या वर्षीं तो अवघे ३१ सामने खेळला, आणि तेवढ्यांतही त्याच्या नांवावर ८१ हिसकावण्या लागल्या. मागील तेरा वर्षांचा हिशेब कोणापाशींच नाहीं. दुसरी गोष्ट याहून हृदयस्पर्शी आहे. २९ एप्रिल १९७० रोजीं न्यूयॉर्कविरुद्ध अंतिम फेरीच्या तिसऱ्या सामन्यांत, शेवटच्या क्षणीं, वेस्टनें सुमारें साठ फुटांवरून चेंडू फेंकला आणि तो टोपलींत गेला. गुण झाले १०२ विरुद्ध १०२. वाढवून दिलेल्या वेळांत लेकर्स हरले. दूरच्या फेंकीस तीन गुण देण्याचा नियम एन.बी.ए.नें स्वीकारला तो १९७९ मध्यें. तो आधीं असता तर तो सामना तेथेंच जिंकला गेला असता. नऊ वेळां अंतिम फेरी गांठून वेस्टच्या हातीं अजिंक्यपद एकदांच, १९७२ मध्यें, लागलें. १९६९ मध्यें संघ हरला असतांही अंतिम फेरींतील सर्वोत्तम गडी म्हणून त्याचाच गौरव झाला. पराभूत पक्षाच्या गड्यास असा मान दुसऱ्या कोणासही मिळालेला नाहीं.

मॅजिक जॉन्सन आणि मायकेल जॉर्डन यांची कीर्ति सर्वश्रुत आहे, म्हणून त्यांजविषयीं थोडक्यांत सांगणें पुरे. जॉन्सनची उंची ६ फूट ९ इंच. पूर्वीं एवढ्या उंच मुलाला टोपलीखालीं उभें करीत. यानें सारथ्य केलें. १९८० मध्यें, पहिल्याच हंगामांत, अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यांत संघाचा मुख्य उंच गडी जायबंदी असतां त्याच्या जागीं उभें राहून यानें ४२ गुण मिळविले. जॉर्डननें सहा अजिंक्यपदें जिंकलीं आणि दहा हंगामांत सर्वाधिक सरासरी गुण मिळविले. त्याच्या काळीं चेंडूवाल्या गड्याच्या अंगाला हात लावून त्याला अडविण्याची बरीच मोकळीक होती. २००४ मध्यें तो नियम कडक झाला. म्हणून जॉर्डन आज खेळता तर याहूनही अधिक गुण मिळविता, असें त्याचे भक्त म्हणतात. तथापि त्याच्या काळीं गड्याऐवजीं मैदानाचा टापू राखण्याची पद्धत निषिद्ध होती. ती २००१ मध्यें खुली झाली. एक अडचण गेली, दुसरी आली. हिशेबाची एकच बाजू वाचणें बरें नव्हे.

तीन गुणांच्या रेषेचें खरें मोल ओळखलें तें स्टीफन करी यानें. ती रेषा आली त्या १९७९-८० च्या हंगामांत एक सबंध संघ दर सामन्यास जेमतेम तीन वेळां दुरून फेंकण्याचें धाडस करी. २०१५-१६ मध्यें ६ फूट २ इंच उंचीचा करी एकटाच सामन्यास अकरा वेळां अशा फेंकी करीत होता आणि शंभरांत पंचेचाळीस अचूक पाडीत होता. त्या हंगामांत त्याच्या अशा ४०२ फेंकी यशस्वी झाल्या; पूर्वीचा विक्रम २८६ चा, आणि तोही त्याचाच. परिणाम असा झाला कीं प्रतिपक्षाला टोपलीपासून तीस फुटांवरही त्याला मोकळें सोडण्याची सोय उरली नाहीं, आणि सबंध लीगची खेळण्याची तऱ्हा पालटली. येथें नियम जुनाच होता. त्यांतील अर्थ मात्र पस्तीस वर्षांनीं एका गड्यानें उकलून दाखविला.

मग या सर्वांची तुलना अशक्यच म्हणावयाची काय? तसें नाहीं. दोन कसोट्या काळ बदलला तरी टिकतात. गडी आपल्या समकालीनांच्या किती पुढें होता, ही पहिली; आणि त्याच्या जाण्यानंतर खेळ पूर्वींसारखा राहिला कीं नाहीं, ही दुसरी. पहिल्या कसोटीस जॉर्डन उतरतो. दुसऱ्या कसोटीस कूझी आणि करी उतरतात.

या दुसऱ्या कसोटीचा एक अंश मात्र आंकड्यांच्या वहींत कोठेंच सांपडत नाहीं. कूझीनें १९५४ मध्यें गड्यांची संघटना उभारण्यांत पुढाकार घेतला. रॉबर्टसन १९६५ पासून तिचा अध्यक्ष होता. करार संपला तरी गडी जुन्याच मालकाशीं बांधलेला राही. या बंधनाविरुद्ध त्यानें १९७० मध्यें सहकाऱ्यांसह न्यायालयांत फिर्याद गुदरली. तडजोड झाली ती १९७६ मध्यें, आणि गड्यांस आपला संघ निवडण्याचा मार्ग मोकळा झाला. पण रॉबर्टसन १९७४ मध्येंच निवृत्त झाला होता. लावलेल्या झाडाचें फळ त्याला चाखावयास मिळालें नाहीं. २०१७ मध्यें करीनें पांच वर्षांसाठीं वीस कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा करार केला, त्याच्या पायाशीं ही फिर्याद आहे.

वेस्टब्रूकनें २०२१ मध्यें रॉबर्टसनचा तिहेरी पराक्रमाच्या १८१ सामन्यांचा विक्रम मोडला. आंकडे मोडण्यासाठींच असतात, त्याचा खेद नसावा. परंतु पुढल्या पिढीच्या पायांतली बेडी ज्यानें काढली, त्याचा तो विक्रम मोडतां येण्याजोगा नाहीं. आणि निवडच करावयाची झाली, तर या सहा जणांत पहिला मान ऑस्कर रॉबर्टसनला देणें न्यायाचें होईल.